घासलेटच्या डब्यावरचा किसन

टोपी डोक्यावर असली की ते सर असत. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली की ते विद्यार्थी होत. आणि टोपी काढून ते ओसरीच्या कोपऱ्यातल्या घासलेटच्या रिकाम्या डब्यावर जाऊन बसले, की ते बीबी गावचा किसन होत. मग समोर उभ्या असलेल्या माणसाचं काही खरं नसे.

"काऊन?" किसन विचारायचा.

तुमच्यापैकी ज्यांनी कधी कुणाला काही शिकवलं असेल, त्यांना या शब्दाची दहशत वेगळी सांगायला नको. पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगतो, काऊन म्हणजे का. पण 'का' म्हटल्यावर माणूस उत्तर शोधतो. काऊन म्हटल्यावर पळायची वाट शोधतो.

लढाईची वर्षं होती. घासलेट मिळत नव्हतं, त्यामुळे तो डबा कायम रिकामा. मीही तसाच होतो. नागपूरहून तत्त्वज्ञानात एम. ए. होऊन बुलढाण्याला घरी येऊन बसलो होतो, आणि वऱ्हाडाला तत्त्वज्ञानाची जेवढी गरज होती तेवढीच नोकरी मला मिळाली होती. वडील कचेरीतून आले की आईला विचारत, "तत्त्वज्ञान्याचं जेवण झालं का?" मी आत बसून ते ऐके, आणि जेवण झालेलं असे.

माझ्या जोडीला गफूर होता. उंद्रीच्या कापडवाल्याचा मुलगा, इतिहासाचा एम. ए. आम्हा दोघांची अडचण एकच. कॉलेजात जागा निघाली की उमेदवाराला पोरांसमोर उभं करून एक तास शिकवायला लावत, आणि आम्हाला शिकवता येत नव्हतं. येणार कसं? प्रायमरीच्या मास्तरला ट्रेनिंग लागे, हायस्कुलाच्या मास्तरला ट्रेनिंग लागे, प्रोफेसराला मात्र नुसता कोट लागे.

ही उणीव भरून काढायचा विडा एकट्या सरांनी उचलला होता. हायस्कुलातून पेन्शन घेतल्यावर त्यांनी आपल्या ओसरीवर प्रोफेसर घडवायचा वर्ग काढला. फी नव्हती, खडू आपापला आणायचा. कागदावर त्यांचं नाव चांगलं भारदस्त, संस्कृत होतं, पण गावात त्यांना सगळे सरच म्हणत.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "सर, आपण स्वतः कोणत्या कॉलेजात शिकवलं?"

"एकाही नाही," सर म्हणाले. "म्हनून तर मले माहीत हाये. शिकवनाऱ्याले कुठी फुरसद असते पाहाले?"

या उत्तरात कुठेतरी खोट आहे, हे मला तर्कशास्त्राचा माणूस म्हणून जाणवलं होतं. नेमकी कुठे, ते अजून सापडलेलं नाही.

ओसरीवर वर्ग भरलेला असे. गव्हाचं पोतं म्हणजे देशमुखांचा रामचंदर. तो हलत नसे, बोलत नसे, आणि पास होई. खुंटीवरची मोडकी छत्री म्हणजे वकिलाचा विनायक, जो तास संपायच्या आत निसटायला बघे. उखळ म्हणजे कोण, ते आता आठवत नाही, पण त्याला खोकला होता. या सगळ्यांचे आवाज सर स्वतः काढत. खोकत, जांभया देत, मांजर होत, मागून खडू मारत. खडू आमचाच असे.

"हजेरी घे," ते म्हणाले.

मी नावं पुकारू लागलो. रामचंदर जाड आवाजात हजर झाला, विनायक नाकातून हजर झाला. शेवटी मी म्हटलं, "किसन, बीबी."

"हजर!" आतून बायकी आवाज आला आणि पाठोपाठ फोडणीचा चर्र आवाज झाला.

मी हजेरी लावली.

सरांनी टोपी घातली. "काय बे, किसन सैपाकघरातून बोलून राह्यला. बाईच्या आवाजात. त्याच्या मांगून जिऱ्याची फोडनी बसली. तुले काहीच वाटलं नाही?"

"मला वाटलं, आवाज फुटला नसेल त्याचा अजून."

आतून काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, हसल्या. त्या दिवसापासून खोट्या हजेरीसाठी सर काकूंनाच कामाला लावत, आणि मी रोज नव्याने फसे. गफूरची गोष्ट वेगळी. तो पहिल्याच दिवशी नाव पुकारून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि म्हणाला, "किसन, जरा चहा ठेव."

आता किसनचा नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. किसन हा सगळ्यात मागे बसणारा, खेड्यातून आलेला, इंग्रजीला बिचकणारा पोरगा. तुम्ही चौथऱ्यावरून इंग्रजीत भरधाव निघालात की तो काऊन विचारणार. तुम्ही उत्तर दिलंत की त्या उत्तराला काऊन विचारणार. असं करत करत तुमचं सगळं ज्ञान संपणार, कारण ते संपतंच. तिथे पोचलात की काय करायचं? चौथऱ्यावरून खाली उतरायचं, त्याच्याजवळ जाऊन बसायचं आणि म्हणायचं, "मले नाही माहीत. तुले काय वाटते?"

बस्स, सरांच्या शिक्षणशास्त्राचा सगळा अर्क हा एवढाच. ऐकायला सोपा. मी महिनोन् महिने नापास होत होतो.

चौथरा म्हणजे जात्याचा ओटा. त्यावर उभा राहून मी तर्कशास्त्राचं ठरलेलं उदाहरण घेई. सर्व माणसं मर्त्य आहेत. गोविंदा माणूस आहे. म्हणून गोविंदा मर्त्य आहे.

"सर्व माणसं मरतात. काऊन?" डब्यावरून आवाज येई.

"आजवर सगळी मेली म्हणून."

"सगळी काऊन मेली?"

"शरीर नाशवंत असतं म्हणून."

"काऊन?"

इथे माझं एम. ए. संपे. पण "माहीत नाही" हे शब्द घशातून वर येत नसत. कोट आडवा येई. मग मी म्हणे, "हे पुढच्या वर्षी येईल." किंवा, "हे परीक्षेला नाही." एकदा तर, "खाली बस!" असंही ओरडलो. त्या दिवशी सर बराच वेळ डब्यावरून उठलेच नाहीत. मग टोपी घालून म्हणाले, "त्याले बस म्हनू नको बे. बाकी काहीबी म्हन."

आमची भीड चेपावी म्हणून त्यांनी आम्हाला आठवडी बाजारात उभं केलं. "कॉलेजातले पोट्टे म्हन्जे बाजारच," ते म्हणाले. "तुह्यासाठी कोनीच आलेलं नसते. जो तो आपापला कांदा घ्याले येते. त्याईले थांबवून दाखव."

गफूर बकऱ्यांच्या बाजूला पानिपत घेऊन उभा राहिला. मी मिरचीवालीच्या शेजारी. अंगात कोट, हातात खडू. शेवटी डोळे मिटले आणि ओरडलो, "सर्व माणसं मरतात!"

गर्दी जमली. मला वाटलं, काय सोपं आहे! तेवढ्यात पागोटेवाला एक म्हातारा पुढे आला. "मंग, तुह्यापाशी काय औषध हाये?"

"औषध नाही, आजोबा. अनुमान आहे."

"अनुमान? कोन्या झाडाचं?"

"झाडाचं नाही. आधी मोठं विधान, मग लहान विधान, मग..."

"दोन पुड्या हायेत म्हन ना. पान्यातून घ्या लागते का दुधातून?"

मिरचीवाली उठून उभी राहिली. "काऊन रे कोटवाल्या, माह्या दुकानापुढं मरनाचं नाव घेऊन राह्यला? बोहनी व्हायची हाये माही! चाल निंघ!" आणि तिने वजनाचा दगड उचलला. निष्कर्षापर्यंत न पोचता मला तास संपवावा लागला. म्हातारा मात्र माझ्यामागे एस्टी... नाही, तेव्हा एस्टी कुठली, सर्व्हिस मोटारीच्या अड्ड्यापर्यंत आला. त्याला गुडघ्यासाठी हवं होतं.

सर खूश होते. "आजोबानं इचारलं ना तुले? कोन्या झाडाचं म्हनून? कॉलेजात वर्षभरात असा एक सवाल आला तरी गंगेत घोडं न्हालं."

त्या संध्याकाळी परत येताना गफूर म्हणाला, "तुझ्या एक गोष्ट ध्यानात आली का? काकू रामचंदरचं नाव घेतात, विनायकचं घेतात. परवा म्हणाल्या, रामचंदरले उंदरानं कुरतडलं. पण किसनचं नाव नाही घेत. 'डब्यावरचा' म्हणतात."

"बरं मग?"

"मग काय? बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. काकू किसनचं नाव घेत नाहीत. तर किसन कोण झाला?"

मी हसलो. हे अनुमान साफ चूक आहे, हे मी त्याला रस्ताभर समजावून सांगितलं. माझी आई नवऱ्याचं नाव घेत नाही आणि रात्री सापाचंही घेत नाही, म्हणून साप माझा बाप होत नाही. गफूरने सगळं ऐकून घेतलं. "तुझं बरोबर आहे," तो म्हणाला. "पण सरांचं गाव बीबी आहे."

तरीही अनुमान चूकच होतं. निष्कर्ष तेवढा खरा होता.

पावसाळ्यानंतर अमरावतीच्या एका कॉलेजात तर्कशास्त्राची जागा निघाली आणि मला तास द्यायला बोलावलं. घरात एकदम माझा मान वाढला. वडिलांनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली. आई म्हणाली, "ही गेली तर तुझे बाबा तुला कचेरीत नकलनवीस म्हणून चिकटवतील, त्यांनी साहेबांना विचारून ठेवलंय." नकलनवीस म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं जन्मभर पुन्हा लिहायचं. तत्त्वज्ञानात आम्ही तेच करत होतो म्हणा, पण ते आईला कुठे सांगायचं?

कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार घाट उतरून मलकापूरला पोचेपर्यंत माझा पांढरा सदरा काळा झाला होता. आगगाडीत मी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि तशीच ठेवली.

वर्ग भरलेला होता. मागच्या भिंतीला टेकून प्रिन्सिपॉलसाहेब आणि दोन प्रोफेसर. प्रिन्सिपॉल पुण्याचे. मी इंग्रजीतून सुरुवात केली आणि खोटं कशाला सांगू, सुरेख चाललं होतं. सर्व माणसं मर्त्य आहेत हे मी इतक्या झोकात सांगितलं की मला स्वतःला त्यातून वगळल्यासारखं वाटू लागलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. "काऊन?"

खरा आवाज. खरा पोरगा. धोतर, गळाबंद सदरा, केस तेलाने चापलेले. तो बहुधा शेजाऱ्याशी बोलत होता आणि शब्द मोठ्याने निसटला. तो दचकून उभा राहिला आणि सगळा वर्ग खो खो हसला. प्रिन्सिपॉल म्हणाले, "सिट डाउन!" पोरगा लाल झाला आणि खाली बसू लागला.

त्यानंतर जे झालं त्यात माझा काही हात नव्हता. पाय होते. ते आपण होऊन चौथऱ्यावरून उतरले, बाकांमधून चालत मागे गेले, आणि माझ्या तोंडून, प्रिन्सिपॉलसाहेबांच्या हातभर अंतरावर, अस्सल वऱ्हाडीत शब्द बाहेर पडले, "बसू नको बाप्पा! मले नाही माहीत. तुले काय वाटते?"

वर्गातलं हसू एकदम थांबलं. पोरगा पुन्हा सरळ उभा राहिला. मग म्हणाला, "माह्या आज्यानं मरताना सांगतलं, जागा खाली केली पाह्यजे, म्हने. पन सर, जागा तं लय हाये." आणि मग तो बोलतच राहिला. त्याच्या पुढचा उठला, म्हणाला, हे खोटं आहे. त्याच्या शेजारचा उठला. घंटा झाली तरी कोणी बाहेर जाईना. मी बाकावर त्यांच्यात बसलो होतो. कोटाची बटणं कधी सुटली ते कळलं नव्हतं, आणि काळा सदरा सगळ्यांना दिसत होता.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी मला खोलीत बोलावून शांतपणे सांगितलं, "उमेदवाराला विषय येत नाही. आणि येत नाही, हे त्याला इंग्रजीतून सांगताही येत नाही."

वाक्य चांगलं होतं. मी अजूनही ते वापरतो.

बुलढाण्याला उतरलो तो घरी न जाता थेट ओसरीवर गेलो. मला भांडायचं होतं. "सर, तुमच्या काऊनपायी माझी नोकरी गेली," मी म्हटलं आणि सगळं ओकून टाकलं. सर टोपी डोक्यावर ठेवून ऐकत होते. नोकरीचं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"पोट्टे हासले?"

"सगळे हसले."

"मंग तो बसला का?"

"नाही. उभाच राहिला."

"घंटी व्हयेपर्यंत?"

"घंटा झाल्यावरही."

सरांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. आता ते नक्की कोण आहेत, हे मला कळेना. त्यांनाही कळत नसावं.

"मी बसलो होतो," ते म्हणाले. "नागपूरले. पहिल्याच वर्षी. असेच हासले होते समदे. मंग बी. ए. होयेपर्यंत तोंड नाही उघडलं म्या."

आत काकूंच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं होतं. मी विचारलं, "मग मी पास का, सर?"

"नापास."

"काऊन?" माझ्या तोंडून गेलं.

"तू घाबरून बोलला. पोपटावानी. खरंच माहीत नाही असं तुले वाटलं नव्हतं. अजून तुले वाटते, कोन्या ना कोन्या पुस्तकात लिहून असंन."

हे खरं होतं. परतीच्या गाडीत मी तेच पुस्तक आठवत होतो.

नकलनविशीची जागा वडिलांच्या साहेबांनी आपल्या भाच्याला दिली, त्यामुळे मी वाचलो. वर्षभराने दुसऱ्या एका कॉलेजाने मला घेतलं. तिथल्या तासाला कोणीच काही विचारलं नाही, म्हणून मी उत्कृष्ट ठरलो. गफूरला त्याआधीच नोकरी लागली होती. रुजू व्हायला निघायच्या आदल्या दिवशी मी सरांकडे गेलो. तोवर ते अंथरुणाला खिळले होते. ओसरीतच खाट टाकली होती, रामचंदर आणि विनायक यांच्या मधोमध. पाय सुजलेले, श्वास अपुरा. टोपी मात्र डोक्यावर.

"पहिला तास काय घेशील? घेऊन दाखव," ते म्हणाले.

मी जात्याच्या ओट्यावर चढलो. आणि माझ्या ध्यानात आलं की आपल्याला एकच तास येतो. तो इथे कसा घ्यायचा? घाईघाईत मी उदाहरण बदललं. "सर्व कावळे काळे असतात."

आजाऱ्याच्या खाटेपाशी, दिवसाउजेडी, मी कावळ्याचं नाव घेतलं होतं. आतून काकू "अगं माय!" म्हणाल्या. सर मात्र खाट हलेपर्यंत हसले.

"कावळे राहू दे बे. त्याईचा टाइम आला म्हन्जे येतीनच ते. नेहमीचं घे."

मग घेतलं. हळू आवाजात. सर्व माणसं मर्त्य आहेत.

पुढचं विधान मी बोललो नाही. सरांनी कोपऱ्यातल्या डब्याकडे पाहिलं. तिथवर जाणं आता होणार नव्हतं. त्यांनी टोपीही काढली नाही. तसंच, खाटेवरून, माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "काऊन?"

मी खाली उतरलो. खाटेच्या कडेला बसलो. "मले नाही माहीत, सर."

"मलेबी नाही माहीत," ते म्हणाले. मग त्यांनी डोळे मिटून आत हाक दिली, "ऐकलं का? याले चहा दे. पास झाला."

दिवाळीच्या सुटीत परत आलो तेव्हा सर नव्हते. ओसरीतली खाट काढली होती. पोतं, छत्री, उखळ, डबा, सगळं जागच्या जागी. काकू म्हणाल्या, "बस, बापू, चहा टाकतो," आणि आत गेल्या.

मी ओट्यावर उभा राहिलो. का, ते विचारू नका. हजेरी घ्यायला लागलो. रामचंदर. पोतं गप्प. विनायक. छत्री गप्प. उखळाला खोकलासुद्धा आला नाही.

"किसन, बीबी."

"हजर," आतून आवाज आला. चुलीवर आधण उकळत होतं.

आयुष्यात पहिल्यांदा मला खोटी हजेरी ओळखू आली. मी ती लावली.